रविवार बाजारात विकायला काढू नका

महाराष्ट्रातील दुकाने, मॉल आणि अन्य आस्थापना वर्षाचे ३६५ दिवस आणि दिवसाचे २४ तास उघड्या ठेवता येतील, हे राज्य शासनाने ऑक्टोबर २०२५ च्या प्रारंभी एका शासन निर्णयाद्वारे पुन्हा एकदा स्पष्ट केले. मद्यविक्रीसारखे मोजके व्यवसाय तेवढे अपवाद. वस्तुतः ही मुभा २०१७ च्या कायद्यानेच दिलेली होती. स्थानिक पातळीवर अडवणूक होते अशा तक्रारी आल्या, म्हणून हा खुलासा करावा लागला. खुलाशाचे स्वागतही झाले. व्यापार वाढेल, रोजगार वाढेल, ग्राहकाची सोय होईल, आपली शहरे जगातील अहोरात्र जाग्या महानगरांच्या पंक्तीला जाऊन बसतील, अशी वाक्ये लिहिली-बोलली गेली. या जल्लोषात एका माणसाची आठवण मात्र फारशी कुणाला झाली नाही. तो माणूस म्हणजे काउंटरच्या पलीकडे दिवसभर उभा असलेला दुकानातला नोकर.

त्याच शासन निर्णयात एक ओळ त्याच्यासाठीही आहे. प्रत्येक कर्मचाऱ्याला आठवड्यातून सलग २४ तासांची सुट्टी मिळाली पाहिजे, असे ती सांगते. ओळ चांगली आहे. परंतु ही सुट्टी कोणत्या दिवशी मिळणार, याविषयी ती मौन बाळगते. सगळा प्रश्न नेमका तेथेच आहे.

रविवार कुणी मिळवून दिला?

रविवारचा विषय निघाला की एक शेरा हमखास ऐकू येतो. रविवारची सुट्टी ही इंग्रजांची देणगी, ती ख्रिस्ती धर्मकल्पनेतून आलेली. मग भारतीयांनी तिचे एवढे कौतुक कशासाठी करायचे? शेरा वरवर स्वाभिमानाचा वाटतो. इतिहास पाहिला की त्यातले अज्ञान उघडे पडते. गोऱ्या साहेबाची कचेरी रविवारी बंद असे, हे खरे. पण त्याच साहेबाच्या राज्यात, त्याच मुंबईत, गिरण्यांची धुराडी मात्र रविवारीही धूर ओकत होती. साहेबाचा रविवार साहेबापुरता होता. गिरणगावातल्या मजुराच्या वाट्याला तो आपणहून कुणीही दिला नाही. तो मिळवून दिला नारायण मेघाजी लोखंडे यांनी.

ठाण्यात १८४८ साली जन्मलेले लोखंडे हे जोतीराव फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधू’चे संपादक. १८८४ साली त्यांनी परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. त्यातली पहिली मागणी होती आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुट्टीची. दुपारी अर्धा तास विसावा, वेळेवर पगार, अपघात झाल्यास भरपाई या मागण्या तिच्यामागोमाग येत होत्या. पुढची सहा वर्षे पाठपुरावा चालला. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत कामगार स्त्रियाही बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कारखाना कायद्याने साप्ताहिक सुट्टीला कायद्याचे रूप दिले. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून तोच हवा, असा युक्तिवाद लोखंडे यांनी केल्याचे सांगितले जाते. ते काहीही असो, या सुट्टीवर चर्चच्या घंटेपेक्षा परळच्या मजुराच्या अंगठ्याचा ठसा अधिक ठळक आहे. जी गोष्ट सहा वर्षे झगडून मिळाली, तिला परकी देणगी म्हणणे हा त्या झगडणाऱ्यांचा अवमान आहे.

विसाव्याची आपली रीत

वारांची गणना तरी परकी म्हणून कशी टाकून देणार? मध्य प्रदेशातील एरण येथील बुधगुप्ताच्या काळातील स्तंभलेखात, म्हणजे इ.स. ४८४ मध्ये, गुरुवारचा स्पष्ट उल्लेख आहे. गेली दीड हजार वर्षे हे सात वार या भूमीत रुजलेले आहेत. पुण्याच्या पेठा वारांच्या नावांनी वसल्या. गावोगावचा आठवडी बाजार वाराने ठरतो. आज या गावी तर उद्या त्या गावी. बाजाराला एक दिवस आणि बाकीचे दिवस इतर आयुष्याला, अशी त्या रचनेतली वाटणी होती. बाजार माणसाच्या आठवड्यात येऊन बसत असे. माणसाचा आठवडा बाजारात जाऊन बसत नसे.

विश्रांतीचेही तसेच. महाराष्ट्राच्या काही भागांत सोमवारी बैलाला जू लावायचे नाही, अशी रीत होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी होते, वर्षभर जुवाखाली सोललेल्या खांद्याला हळद-तूप चोळले जाते आणि पोळ्याला त्याच्याकडून कोणतेही काम घेतले जात नाही. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की, पोळा साऱ्या गावाचा एकाच दिवशी असतो. पाटलाच्या बैलाचा पोळा आज आणि गरीब कुळाच्या बैलाचा पुढच्या मंगळवारी, धन्याच्या सोयीने, असे होत नाही. ज्या समाजाने मुक्या जनावराच्या विसाव्याचाही सामुदायिक सण केला, त्या समाजाने माणसाच्या सुट्टीचे मात्र पाळीपाळीने तुकडे करावेत, ही विसंगती डोळ्यांत भरणारी आहे.

१९४८ ते २०१७

स्वातंत्र्यानंतर आलेल्या १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्याची दृष्टी सरळ होती. प्रत्येक दुकान आठवड्यातून एक दिवस बंद राहिले पाहिजे, असे तो सांगत होता. कोणता दिवस, हे व्यापारी ठरवीत. त्यातूनच पुण्याचा लक्ष्मी रस्ता आणि दादरची बाजारपेठ सोमवारी बंद, केशकर्तनालये सोमवारी बंद, ही सर्वांना पाठ असलेली वहिवाट तयार झाली. दिवस रविवार नसला तरी दुकानाचे शटर खाली ओढलेले असे. मालकही घरी, नोकरही घरी. शटर बंद असल्याने सुट्टीची अंमलबजावणी तपासायला निरीक्षकाची गरजच नव्हती. रस्त्याने जाणारा कोणीही ती पाहू शकत होता.

केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०१६ मध्ये आदर्श दुकाने कायद्याचा मसुदा मंजूर केला आणि त्या धर्तीवर महाराष्ट्राचा नवा कायदा १९ डिसेंबर २०१७ पासून अमलात आला. त्याने दुकानाची सुट्टी रद्द केली आणि फक्त कामगाराची सुट्टी शिल्लक ठेवली. कागदावर तरतुदी नेटक्या आहेत. सलग २४ तासांची साप्ताहिक सुट्टी, सणांच्या आठ भरपगारी सुट्ट्या, सुट्टीच्या दिवशी काम घेतल्यास बदली सुट्टी, हे सारे त्यात आहे. पण निरीक्षकाचा ‘सुविधाकार’ झाला, मालकाने स्वतःच स्वतःला प्रमाणपत्र द्यायची वाट मोकळी झाली. त्याहून गंभीर म्हणजे दहापेक्षा कमी कामगार असलेली दुकाने कायद्याच्या बहुतेक तरतुदींतून वगळली गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये तर राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीस कामगारांवर नेण्यास आणि रोजच्या कामाचे तास नऊवरून दहा करण्यास मंजुरी दिली. गावातले कापडाचे, भांड्यांचे, चपलांचे दुकान डोळ्यांसमोर आणावे. तेथे वीस नोकर कितीशा ठिकाणी असतात? कायदा ज्याच्यासाठी करायचा, तोच त्याच्या बाहेर राहिला.

सरकार कोणत्या पक्षाचे आहे, हा येथे प्रश्न नाही. सत्तेवर आपुलकीची माणसे असली, तरी चुकीला चूक म्हणणे हे आपुलकीचेच लक्षण आहे.

विश्रांती निराळी, सुट्टी निराळी

नव्या व्यवस्थेचे समर्थक विचारतात, कामगाराला आठवड्यातून एक दिवस मिळतो ना? मग तो मंगळवार असला काय आणि रविवार असला काय, फरक कोणता? प्रश्न चतुर आहे, पण तो विचारणाऱ्याची स्वतःची सुट्टी बहुधा रविवारीच असते.

विश्रांती शरीराची गरज आहे. ती मंगळवारीही भागते. सुट्टी ही मात्र चार माणसांत मिसळण्याची गोष्ट आहे. ती एकट्याने भोगता येत नाही. नवरा मॉलमध्ये विक्रेता, त्याची सुट्टी मंगळवारी. बायको दुसऱ्या दुकानात रोखपाल, तिची सुट्टी गुरुवारी. मुलाची शाळा रविवारी बंद. तिघांनाही कायद्याप्रमाणे सुट्टी मिळाली. पण महिन्याकाठी एकदाही तिघे एका ताटाभोवती दुपारचे जेवले नाहीत. कायदा पाळला गेला आणि घर मात्र उपाशी राहिले.

घराबाहेर पाहिले तरी तेच. वधू-वर मेळावा रविवारी, शाळेतली पालकसभा रविवारी, रक्तदान शिबिर रविवारी, गृहनिर्माण संस्थेची सर्वसाधारण सभा रविवारी, गडावरची स्वच्छता मोहीम रविवारी. भजनी मंडळाची तालीम आणि नाटकाचा प्रयोग यांनाही रविवारच सापडतो. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षासुद्धा बहुधा रविवारीच होतात. दुकानात दहा तास उभे राहून रात्री अभ्यास करणाऱ्या तरुणाला परीक्षेच्या दिवशी मालकाकडे रजा मागायची ती दुकानाच्या सर्वांत गर्दीच्या दिवशी. त्याला ती मिळेल की नाही, हे त्याच्या गुणवत्तेवर ठरत नाही, मालकाच्या मर्जीवर ठरते. समाजाचे सारे सामुदायिक जीवन ज्या एका दिवसावर उभे आहे, त्या दिवसातून एका वर्गाला कायमचे वगळायचे आणि वर त्याला ‘साप्ताहिक सुट्टी मिळते’ असे सांगायचे, हा न्याय नव्हे.

या वर्गाचे हाल फारसे कुणाच्या कानी पडत नाहीत, कारण तो संघटित नाही. कापड दुकानांतल्या स्त्री कर्मचाऱ्यांना कामाच्या वेळेत अधूनमधून खाली बसता यावे, एवढ्यासाठी केरळमध्ये आंदोलन करावे लागले आणि २०१८ साली तेथील कायद्यात तशी दुरुस्ती झाली. तमिळनाडूने २०२१ मध्ये तिचे अनुकरण केले. ज्यांना बसण्याचा हक्क मिळवायला कायदा लागतो, त्यांना रविवार मागायचे धैर्य कुठून यावे? सणांचे दिवस तर विचारूच नयेत. दसऱ्याला सोने लुटायचे ते ग्राहकाने; सराफी दुकानातल्या नोकराचा दसरा तराजूसमोरच मावळतो.

पुढारलेले देश काय करतात?

दुकाने सातही दिवस उघडी ठेवणे म्हणजे प्रगती, असे मानणाऱ्यांना दाखले नेहमी पश्चिमेचे लागतात. तेव्हा पश्चिमेकडेच पाहावे.

ब्रिटनमध्ये मार्गारेट थॅचर या खुल्या बाजाराच्या कट्टर पुरस्कर्त्या पंतप्रधान. रविवारच्या व्यापारावरील निर्बंध उठवणारे त्यांचे विधेयक एप्रिल १९८६ मध्ये कॉमन्स सभागृहात १४ मतांनी फेटाळले गेले, तेही स्वपक्षीयांनी केलेल्या बंडामुळे. पुढे १९९४ मध्ये तडजोडीचा कायदा झाला. इंग्लंड आणि वेल्समध्ये २८० चौरस मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे तीन हजार चौरस फुटांपेक्षा, मोठ्या दुकानांना रविवारी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा या वेळेत सलग सहा तासच व्यवहार करता येतो. लहान दुकानांना हे बंधन नाही. दुकानातल्या कामगाराला रीतसर नोटीस देऊन रविवारी काम नाकारण्याचा हक्क आहे. २०१२ च्या ऑलिम्पिकसाठी हे बंधन आठ आठवडे शिथिल केले गेले आणि ऑलिम्पिक संपताच ते पुन्हा लागू झाले. मार्च २०१६ मध्ये हा विषय स्थानिक संस्थांवर सोपवून निर्बंध सैल करण्याचा सरकारचा प्रयत्न ३१७ विरुद्ध २८६ मतांनी पडला.

या कायद्यातली लहान दुकानांना दिलेली सवलत भारतीयांनी विशेष ध्यानात घ्यावी. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून हाकलून दिलेली असंख्य गुजराती कुटुंबे ब्रिटनमध्ये गेली आणि त्यांतील अनेकांनी गल्लीच्या कोपऱ्यावर दुकाने थाटून संसार उभे केले. रविवारी मोठ्या दुकानाचे दार बंद झाल्यावर गिऱ्हाईक ज्या लहान दुकानाकडे वळते, त्या दुकानांत अशा कुटुंबांची दुकानेही आहेत. निर्बंध म्हणजे व्यापाराचा शत्रू, हे समीकरण त्यामुळेच खोटे ठरते. योग्य जागी घातलेला निर्बंध लहान व्यापाऱ्याचे कवच होतो.

जर्मनीने तर रविवारच्या विश्रांतीला राज्यघटनेचेच संरक्षण दिले आहे. १९१९ च्या वायमार घटनेतले ते कलम १९४९ च्या घटनेतही कायम ठेवले गेले. नाताळपूर्वीचे चारही रविवार दुकाने उघडी ठेवण्याची बर्लिनची मुभा तेथील घटना न्यायालयाने डिसेंबर २००९ मध्ये घटनाबाह्य ठरवली. युरोपातली एक बलाढ्य औद्योगिक अर्थव्यवस्था रविवारी दुकाने बंद ठेवूनही बुडालेली नाही. पोलंडने मार्च २०१८ पासून टप्प्याटप्प्याने रविवारचा व्यापार आवरला. त्यासाठी पुढाकार घेतला तो ‘सॉलिडॅरिटी’ या कामगार संघटनेने. तेथे ज्या दुकानात मालक स्वतः काउंटरवर उभा राहतो, त्या दुकानाला मोकळीक आहे. या देशांत चर्चचाही या निर्बंधांना पाठिंबा आहे, हे लपवायचे कारण नाही. त्यांची धर्मश्रद्धा त्यांच्यापाशी. भारताने त्यांच्याकडून घ्यायचा तो धडा एवढाच की, समृद्धी आणि सामायिक सुट्टी एकमेकींच्या सवती नाहीत.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप ग्राहकाच्या सोयीचा. नोकरदार कुटुंबाला खरेदीसाठी रविवारच मिळतो, तो हिरावून कसा घ्यायचा? हा आक्षेप खरा आहे आणि म्हणूनच येथे रविवारी दुकाने पूर्ण बंद करण्याची मागणी नाही. सहा तास खरेदीला पुरतात. रात्री दहा वाजता पडदे आणि चादरी विकत घेण्याची सोय ही ज्याच्या जिवावर मिळते, त्याच्या घरी त्या वेळी कुणीतरी जेवायचे थांबलेले असते.

दुसरा आक्षेप रोजगाराचा. दुकान जास्त वेळ उघडे राहिले की जास्त माणसे लागतील, असे सांगितले जाते. पण कुटुंबाच्या खिशातले पैसे दुकानाच्या वेळेबरोबर वाढत नाहीत. सहा दिवसांची खरेदी सात दिवसांत पसरली, तर विक्री तेवढीच राहून खर्च वाढतो आणि वाढीव खर्चाचा भार शेवटी आहेत त्याच माणसांच्या पायांवर पडतो. कामाचे तास वाढवण्याचा ताजा निर्णय याच दिशेने बोट दाखवतो.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. मोबाईलवरून रात्री-बेरात्री माल मागवता येत असताना दुकानालाच वेळेचे बंधन कशासाठी? या स्पर्धेत दुकानदार मार खाईल, ही भीती निराधार नाही. त्याचे उत्तर एकच. घरपोच माल पाठवणाऱ्या कंपन्यांची गोदामे आणि त्यांचा माल वाहणारी तरुण मुले यांनाही तोच नियम लावला पाहिजे. जो नियम शटर असलेल्याला लागू, तो शटर नसलेल्याला लागू नाही, हा पक्षपात सरकारने थांबवावा. त्यापायी दुकानातल्या नोकराची सुट्टी बळी देऊ नये.

करण्याजोगे

मागणी अवास्तव नाही. ठरावीक क्षेत्रफळापेक्षा मोठी दुकाने, मॉल आणि गोदामे यांना रविवारी सलग सहा तासांचीच मुभा असावी. किराणा, दूध, भाजी, फुले, औषधे, खाणावळी आणि मालक स्वतः राबतो अशी लहान दुकाने यांना हे बंधन नसावे. जेजुरीसारख्या क्षेत्री रविवारीच भाविकांची दाटी असते. अशा ठिकाणी तेथील नगरपालिकेने दुसरा वार निवडावा, मात्र तो साऱ्या गावाला एकच असावा. दुकानातल्या प्रत्येक नोकराला महिन्यातले किमान दोन रविवार हक्काने मिळावेत आणि उरलेल्या रविवारी काम केल्यास वाढीव वेतन मिळावे. आठवड्याच्या सुट्टीचा हक्क दुकानात नोकर एक असो वा शंभर, सर्वांना सारखाच असावा. माणसाचा थकवा सोबतीला किती माणसे आहेत, यावर अवलंबून नसतो.

हे घडवून आणण्याचे काम केवळ सरकारचे नाही. व्यापारी महासंघांनी आपापल्या बाजारपेठेत ठराव करून प्रारंभ करावा. सोमवारच्या बंदची वहिवाट त्यांनीच एके काळी घालून दिली होती. कामगार संघटनांनी कारखान्याच्या फाटकाबाहेर पाऊल टाकून दुकानांच्या रांगांकडे वळावे. आणि ग्राहकाने रविवारी संध्याकाळी सातनंतर खरेदीला निघण्यापूर्वी क्षणभर थांबून, दार उघडायला तेथे उभ्या असलेल्या माणसाच्या घराचा विचार करावा.

लोखंडे ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगच्या साथीत गेले. २००५ साली त्यांच्या नावाचे टपाल तिकीट निघाले. त्यांच्यासमोर जमलेल्या मजुरांपाशी मतदानाचा हक्क नव्हता, संघटनेचा कायदा नव्हता. तरीही त्यांनी परक्या राजवटीत रविवार मिळवला. आजच्या कामगाराजवळ मत आहे, कायदे आहेत आणि स्वतःचे सरकार आहे. हे सारे हाताशी असताना तोच रविवार हातचा जात असेल, तर तिकिटावरचे चित्र पाहताना महाराष्ट्राला मान खाली घालावी लागेल.